दुबईत व्हिसा संपला? एजंटच्या आधी दंड बघा

म्हापसा, डिचोलीकडची कितीतरी मुलं दुबईत आहेत. व्हिसा संपला की घाबरून एजंटला फोन लावतात आणि नको तेवढे पैसे जातात.

आधी दंड स्वतः बघा. व्हिसा दुबईचा असेल तर जीडीआरएफएच्या (दुबईचं व्हिसा खातं) साइटवर, अबुधाबी-शारजाचा असेल तर आयसीपीच्या (यूएईचं केंद्रीय व्हिसा खातं). फाइल नंबर टाकला की आकडा दिसतो. दिवसाला 50 दिरहम चढतात, म्हणून उद्यावर ढकलू नका. फाइल नंबर व्हिसाच्या कागदावरच असतो. त्याचा फोटो घरी आईच्या मोबाइलवरही असू द्या.

मालकाने पासपोर्ट अडवला असेल तर घरच्यांना गोव्यातूनच परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते.

मात्र दंडाचा आकडा कळल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.