'आर'मध्ये महाराष्ट्राचा क्लिक करता येणारा नकाशा

जिल्ह्यावर क्लिक केलं की त्याची लोकसंख्या आणि घनता दाखवणारी चौकट उघडते, असा नकाशा आर या संगणकीय भाषेत पाच-सहा ओळींत काढून होतो. वेळ जातो तो त्याआधी, हद्दींची फाइल आणि आकड्यांचा तक्ता एकमेकांशी जुळवण्यात. नकाशात चूक राहते तीही बहुतेकदा तिथेच, आणि ती सहज डोळ्यांना दिसत नाही. उदाहरणासाठी 2011 च्या जनगणनेतली जिल्हावार घनता घेऊ.

आर 4.2 किंवा त्यापुढची आवृत्ती वापरा. विंडोजवर या आवृत्तीपासून आर युनिकोडमध्येच काम करतं. जुन्या आवृत्तीत देवनागरी नावांच्या जागी भलतेच कोड उमटतात. सोबत आरस्टुडिओ हा आर लिहायचा-चालवायचा प्रोग्राम टाका. पॅकेजेस, म्हणजे आरला जोडायचे तयार संच, पाच लागतील: हद्दी वाचायला एसएफ, तक्ते जोडायला डीप्लायर, हद्दी हलक्या करायला आरमॅपशेपर, नकाशासाठी लीफलेट आणि शेवटी फाइल जतन करायला एचटीएमएलविजेट्स. विंडोज आणि मॅकवर एसएफ तयार मिळतं. लिनक्सवर मात्र जीडॅल, जिऑस आणि प्रोज या लायब्ररी आधी बसवाव्या लागतात, नाहीतर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं.

हद्दींची फाइल

हद्दी बहुतेकदा शेपफाइल या स्वरूपात मिळतात, पण शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फाइली एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये हव्यात. कुणी फक्त एसएचपी पाठवली असेल तर ती परत मागवा. जिल्ह्यांची नावं डीबीएफमध्ये असतात आणि प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीची, माहिती पीआरजेमध्ये. डीबीएफमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, त्यामुळे लांब नावं तुटलेली दिसतील. निवड तुमच्या हातात असेल तर जिओपॅकेज या एकाच फाइलच्या स्वरूपात हद्दी घ्या, यातली एकही कटकट राहत नाही.

'एसटी रीड'ने फाइल वाचली की लगेच 'एसटी सीआरएस'ने तिची निर्देशांक पद्धत पाहा. लीफलेटला अक्षांश-रेखांश लागतात, म्हणजे निर्देशांक पद्धतीचा 4326 हा कोड. काही सरकारी फाइली मीटरमधल्या प्रक्षेपणात असतात. तशीच फाइल दिली तर लीफलेट इशारा देतं आणि नकाशा कोरा राहतो किंवा आकार भलतीकडे जातात. अशा वेळी 'एसटी ट्रान्सफॉर्म' वापरून 4326 मध्ये रूपांतर करा. 'एसटी सेट सीआरएस' वापरू नका: त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. पीआरजे फाइल हरवली असेल आणि मूळ पद्धत तुम्हाला खात्रीने माहीत असेल, तेवढ्यापुरतंच ते उपयोगी.

मूळ हद्दींमध्ये बिंदू इतके दाट असतात की ब्राउझर, विशेषतः मोबाइलवर, अडखळतो. आरमॅपशेपरच्या 'एमएस सिंप्लिफाय'ला 'कीप'ची किंमत 0.05 द्या, म्हणजे सुमारे पाच टक्के बिंदू उरतील. जिल्हा पातळीच्या नकाशाला तेवढे पुरतात. कोकणचा किनारा फारच बोथट वाटला तर 0.1 करा. 'कीप शेप्स' हा पर्याय 'ट्रू' ठेवायला विसरू नका, नाहीतर मुंबई शहरासारखे छोटे आकार नाहीसे होऊ शकतात. हेच काम एसएफमधल्या 'एसटी सिंप्लिफाय'नेही होतं, पण ते प्रत्येक जिल्हा सुटा धरून त्याची रेषा साधी करतं. शेजारच्या दोन जिल्ह्यांची सामाईक सीमा मग दोन वेगळ्या रेषा होते आणि मध्ये फटी पडतात. आरमॅपशेपर सामाईक सीमा एकदाच धरतं.

आकडे जोडताना

इथे घाई करू नका. नावावरून जोडणी करायचा मोह होतो, तो टाळा. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात रायगडचं स्पेलिंग 'रायगढ'सारखं आहे, बीड आणि गोंदियाची स्पेलिंगंही आपल्या सवयीची नाहीत. शिवाय 2011 नंतर औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबाद धाराशिव आणि अहमदनगर अहिल्यानगर. तक्ता सगळ्या देशाचा असेल तर आणखी गोंधळ: औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि रायगढ छत्तीसगडमध्येही. नावावर जोडलंत तर आपल्या रायगडला छत्तीसगडचे आकडे चिकटतील आणि आर चकार शब्द काढणार नाही.

म्हणून जोडणी जनगणनेच्या कोडवर करा. महाराष्ट्राचा राज्य कोड 27 आहे आणि जिल्ह्यांचे कोड नंदुरबारच्या 497 पासून सांगलीच्या 531 पर्यंत, एकूण 35. एका फाइलमध्ये हा कोड संख्या असतो, दुसरीत मजकूर. तसंच जोडायला गेलात तर डीप्लायर प्रकार जुळत नसल्याची त्रुटी देऊन थांबतं. दोन्ही रकाने आधी मजकुरात बदला, कोडच्या सुरुवातीला शून्य लागलाय का तेही बघा. 'लेफ्ट जॉइन' करताना डाव्या बाजूला नकाशा ठेवा. तक्ता डावीकडे ठेवलात तर निकाल साधा तक्ता होतो आणि लीफलेटला तो नकाशा म्हणून ओळखता येत नाही.

जनगणनेच्या तक्त्यांत प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी असतात: एकूण, ग्रामीण आणि शहरी. 'एकूण'च्या ओळी आधी गाळून घेतल्या नाहीत तर जोडणीनंतर प्रत्येक जिल्ह्याचे तीन आकार एकावर एक बसतात. नकाशा दिसायला ठीकच दिसतो, पण क्लिक लागते सगळ्यात वरच्या आकाराला, आणि तो शहरी आकडा असू शकतो. जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजा. संख्या बदलली असेल तर पुढे जाऊ नका. मग 'अँटी जॉइन' चालवून कोणत्या ओळी जुळल्या नाहीत ते पाहा.

नवी हद्द-फाइल वापरली असेल तर तिथे पालघर हमखास उरेल. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे नकाशात जिल्हे 36 आणि तक्त्यात 35. ठाण्याचा आकडा दोघांत निम्मा वाटू नका. सोपा मार्ग म्हणजे पालघरला ठाण्याचाच कोड देऊन 'ग्रुप बाय' आणि 'समराइज' करणं. एसएफ दोन्ही आकार एकत्र करतं आणि 2011 चा ठाणे जिल्हा परत मिळतो. दोन्ही वेगळे हवे असतील तर तालुक्यांचे आकडे घ्या. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ वेगवेगळं मिळवा आणि मगच भागाकार करा. तालुक्यांच्या घनतेची सरासरी काढली तर उत्तर चुकतं.

रंग

जिल्हा रंगवायचा तर एकूण लोकसंख्येवर नव्हे, घनतेवर किंवा टक्क्यांवर. एकूण आकड्यावर रंगवला की मोठे जिल्हे उगाच गडद होतात.

घनतेतही एक अडचण आहे. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला 74 माणसं, मुंबई उपनगरात सुमारे 21 हजार. 'कलर न्यूमेरिक'ने सलग रंगपट्टी लावली तर दोन्ही मुंबई गडद आणि बाकी सगळा महाराष्ट्र एकाच फिक्या रंगाचा. 'कलर बिन' घ्या आणि टप्पे स्वतः ठरवा: 0, 150, 200, 250, 300, 500, 1500, 25000. शेवटचा टप्पा कमी पडला तर त्यावरचे जिल्हे राखाडी होतात आणि इशारा येतो, तो दुर्लक्षू नका.

क्लिक

चौकटीतला मजकूर आधीच एका रकान्यात बांधून ठेवा. 'पेस्ट झीरो'ने जिल्ह्याचं नाव एचटीएमएलच्या ठळक टॅगमध्ये, मग ओळ तोडणारा टॅग, मग आकडे. आर स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने, तीन-तीन अंकांवर देतं. त्यापेक्षा एक लाखाने भागून एका दशांशापर्यंत घ्या: ठाणे 110.6 लाख, पुणे 94.3 लाख. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता लीफलेट, मग पार्श्वभूमीची टाइल (मागे दिसणारा, इंटरनेटवरून येणारा तयार नकाशा), मग 'अ‍ॅड पॉलिगन्स'. भरणीचा रंग, सीमेची जाडी 1, रंग पांढरा, भरणीची अपारदर्शकता 0.7, 'पॉपअप'ला बांधलेला रकाना, 'लेबल'ला नाव. रकान्याच्या नावाआधी ~ ही खूण लागते. ती राहिली की 'ऑब्जेक्ट सापडत नाही' अशी त्रुटी येते. लेबल माउस वर नेल्यावर दिसतं, पॉपअप क्लिकवर. मोबाइलवर माउस नाही, म्हणून महत्त्वाचा आकडा पॉपअपमध्येच हवा. 'हायलाइट ऑप्शन्स'मध्ये जाडी 3 आणि 'ब्रिंग टू फ्रंट' ट्रू ठेवा, म्हणजे उजळलेली सीमा शेजारच्या जिल्ह्याखाली दबत नाही.

'सेट व्ह्यू'ला रेखांश आधी द्यायचा, अक्षांश नंतर: 76.5, 19.2 आणि झूम 6. उलटं दिलंत तर नकाशा आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड बेटांजवळ उघडतो.

पार्श्वभूमीच्या टाइलबाबत सावध राहा. परदेशी टाइल्सवर जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे असेलच असं नाही, आणि तशी सीमा प्रसिद्ध करणं भारतात गुन्हा आहे. जिल्ह्यांच्या नकाशाला टाइलची गरजही नसते. ती काढून टाका. नकाशा हलका होतो आणि रंगही स्वच्छ दिसतात.

'अ‍ॅड लेजंड'ने सूची लावा, शीर्षकात एकक लिहा आणि 'सेव्ह विजेट'ने एचटीएमएल फाइल जतन करा. 'सेल्फ कंटेंड' ट्रू असलं की सगळं एकाच फाइलमध्ये येतं. त्यासाठी लागणारा पॅनडॉक हा प्रोग्राम आरस्टुडिओसोबत मिळतो. टाइल ठेवली असेल तर ही फाइलही इंटरनेटशिवाय पार्श्वभूमी दाखवणार नाही.

क्लिकवर शेजारी आलेख बदलायला हवा असेल तर शायनी हे वेब-अ‍ॅप बनवायचं आरचं पॅकेज लागेल. तिथे प्रत्येक आकाराला 'लेअर आयडी' म्हणून जिल्ह्याचा कोड द्या, क्लिक झाल्यावर तोच परत मिळतो. हा आयडी दोन आकारांना सारखा असला तर नंतरचा आकार आधीचा पुसून टाकतो, म्हणून बेटांसकट एक जिल्हा एकाच ओळीत असला पाहिजे.