हाय-फायला कॉम्प्युटर जोडायचा, तर आधी त्याला गप्प बसवा

वडिलांचं जुनं हाय-फाय, म्हणजे अँप्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर, नागपुरात आमच्या धंतोलीच्या घरात कित्येक वर्षं चादरीखाली झाकून ठेवलेले होते. कॅसेट डेक बिघडला, सीडी प्लेअर अडकायला लागला आणि ऐकणंच बंद झालं. दिवाळीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, याले लॅपटॉप काहून नाही लावत?" लावला. मारवा सुरू केला, रिषभावर आलाप ठरतो न ठरतो तोच बॅटरी संपत आल्याची सूचना दोन्ही स्पीकरमधून दणकन वाजली. स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय फुटलं गा?" शिवाय मागे बारीक घुंईऽऽ सुरूच होती.

त्या दिवशी कळलं की कॉम्प्युटरकडे गाणी भरपूर असतात, पण त्याला मध्येमध्ये बोलायची सवय असते. ती मोडली की काम झालं. पुढचं सगळं विंडोजवरचं आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं.

१. वायर

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सुरुवात करा. एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना, अशी वायर बर्डीच्या बाजारात कुठेही मिळते. लाल म्हणजे उजवा. अँप्लिफायरच्या मागे सीडी, ऑक्स किंवा लाइन लिहिलेल्या जागी ती खोचा. जुन्या अँप्लिफायरला फोनो नावाचीही जागा असते, तिथे चुकूनही नको. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. तो कित्येक पटींनी वाढवून, खालचे स्वर मुद्दाम फुगवून ती पुढे पाठवते. तिथे लॅपटॉप लावलात तर नुसता फाटका, घुमणारा आवाज येईल. पिना लावताना-काढताना अँप्लिफायर बंद हवा.

२. टिंगटाँग बंद

साउंड सेटिंगमध्ये 'साउंड्स' या टॅबवर जा, 'नो साउंड्स' निवडा. ब्राउझर आणि व्हॉट्सॲपच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. 'एन्हान्समेंट्स' नावाखाली कंपनीने दिलेले बास वाढवणारे, सराउंडचा भास करणारे प्रकार असतील तर तेही काढा. लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरसाठी केलेली ती मलमपट्टी आहे.

३. मधला हात काढा

सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक बाजूच्या आवाजाचे 44,100 मोजलेले नमुने असतात, प्रत्येक 16 बिटचा. विंडोज मात्र सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळून पुढे पाठवतं, आणि त्यासाठी सगळं एकाच दराला आणतं. बऱ्याच मशीनवर तो दर 48,000 असतो. म्हणजे तुमच्या सीडीतल्या प्रत्येक नमुन्याचं नव्याने गणित मांडलं जातं. यात फार बिघडतं असं नाही, पण विनाकारण का होऊ द्यायचं?

फूबार2000 हा फुकटचा प्लेअर घ्या. त्याच्या आउटपुटच्या यादीत तुमच्या उपकरणाच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेला पर्याय असतो, तो निवडा. आता गाणं सुरू असेपर्यंत आवाजाची वाट फक्त या प्लेअरच्या ताब्यात. बाकी प्रोग्राम किती का ओरडेनात, स्पीकरपर्यंत पोचणार नाहीत. कॉम्प्युटरचा आवाज शंभरावर ठेवा आणि कमी-जास्त अँप्लिफायरच्या बटणाने करा. पहिल्यांदा सुरू करताना ते बटण अगदी खाली असू द्या, नाहीतर माझ्यासारखं दणकन वाजेल.

४. घुंईऽऽ

निम्मे लोक इथेच कंटाळून सोडून देतात, आणि उरलेल्यांपैकी बरेच नको ते सामान विकत आणतात. मीही महागडी वायर आणली होती. काडीचा फरक पडला नाही.

गाणं सुरू असताना चार्जरची पिन बोर्डातून काढा. घुंई गायब झाली? मग दोष वायरचा नाही, अर्थिंगचा आहे. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका भिंतीतल्या अर्थला जोडलेला, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीतल्या, आणि दोघांना जोडणारी तुमची आरसीए वायर. असं एक वर्तुळ तयार होतं आणि आपल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण त्यातून फिरत राहते. चार्जर काढूनही आवाज येत असेल तर टीव्हीच्या केबलकडे बघा. टीव्ही त्याच अँप्लिफायरला जोडला असेल तर सेट टॉप बॉक्सची जाड वायर क्षणभर काढून पाहा. ती गच्चीवरून येते आणि येताना स्वतःचं अर्थिंग घेऊन येते.

उपाय स्वस्तातून महागाकडे करत जा. आधी लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. माझ्याकडे एवढ्यानेच ऐंशी टक्के काम झालं. तरी उरलं तर हे वर्तुळ तोडणारी, ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावतात. ऑप्टिकल वायरची सोय दोन्ही बाजूंना असेल तर त्याहून उत्तम, कारण त्यात प्रकाश जातो, वीज जातच नाही. एखादा इलेक्ट्रिशियन सांगेल, "भाऊ, अर्थची पिन तोडून टाका, आवाज जाते." आवाज जातो हे खरं, पण उद्या आत काही बिघडलं तर करंट धातूच्या डब्यावर येईल आणि तुमच्या हाताला लागेल. पिन तोडू नका.

५. डॅक कधी घ्यायचा

आकड्यांचा आवाज करणारं उपकरण म्हणजे डॅक. लॅपटॉपच्या आत तो असतोच, पण आजूबाजूच्या गर्दीत कोंबलेला. माउस हलवला की स्पीकरमधून चिरचिर येत असेल, तर बाहेरचा यूएसबी डॅक घ्या. बोटाएवढे डॅक हजार-दोन हजारांत मिळतात आणि जुन्या अँप्लिफायरला पुरतात. मोठ्या डॅकला बरेचदा प्रिंटरची चौकोनी यूएसबी वायर चालते, घरात पडलेलीच असते. ती पाच मीटरपेक्षा लांब नको.

६. गाणी

फाइलच कोती असेल तर वरची सगळी खटपट वाया. हजार गाण्यांचा एमपी3 पेनड्राइव्ह फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलप्रकारात, बदलून एमपी3 करताना गळलेलं काही परत मिळत नाही, फक्त जागा जास्त जाते. जुन्या सीडी मात्र जरूर उतरवा. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम पुरे. तासाभराची सीडी जशीच्या तशी साधारण 635 एमबी होते. फ्लॅक केल्यावर साधारण निम्म्यावर येते, आणि त्यातला एक बिटही गळत नाही.

नावं लिहिताना शिस्त पाळा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे माझ्या लॅपटॉपवर काही दिवस तीन वेगळ्या स्पेलिंगांत, तीन वेगळे गायक म्हणून नांदत होते. राग, ताल, साथीदार हे सीडीच्या कव्हरवरून आत्ताच भरून टाका. कव्हर हरवतं. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

आणि कुलर

अँप्लिफायरचं रॅक कुलरच्या झोतासमोर ठेवू नका. दमट हवा चार महिने पिनांवर बसली की एक बाजू खरखरायला लागते. वीज बंद करून पिन जागच्या जागी दोन-तीनदा फिरवली की बहुधा सुटते. लॅपटॉप अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवणं तर सोडूनच द्या, पारा पंचेचाळिशीत असताना दोघंही खालून-वरून तापतात आणि लॅपटॉपचा पंखा तानपुऱ्याच्या वर सूर लावतो.

तसंही नवतपाच्या ऐन उन्हाळ्यात कुलर सुरू असलेल्या खोलीत सोळा बिट काय नि चोवीस काय, सारखंच. म्हणून मी पहाटे पाचला उठतो, कुलर बंद करतो आणि ललत लावतो. आईने अर्धा तास मंजूर केला आहे.