काठ कुणाचा, पाणी कुणाचं? इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर मूरिंगचा वाद असा सोडवा

मूरिंग म्हणजे बोट काठाला बांधून ठेवणं, किंवा ती बांधायची जागा. काठाला बांधलेली बोट एकाच वेळी दोन मालकांच्या हद्दीत असते. खाली पाणी आणि तळ एकाचा, दोर ज्या खुंटीला बांधला ती जमीन बहुधा दुसऱ्याची. बोटवाले आणि जमीनमालक यांच्यातली भांडणं चिघळतात ती बहुतेक वेळा इथेच. एकजण पाण्याच्या परवान्याबद्दल बोलत असतो, दुसरा जमिनीच्या मालकीबद्दल. म्हणून पहिलं पत्र लिहिण्याआधी एकच प्रश्न सोडवा: वाद पाण्याचा आहे, काठाचा आहे, की दोन्हींचा?

आधी बाजू ओळखा

कालव्याच्या एका काठाने टोपाथ जातो, म्हणजे पूर्वी घोडे ज्यावरून बोटी ओढत ती वाट. समोरच्या काठाला ऑफसाइड म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्याआधी ते ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडे होते. साधारणपणे कालव्याचा तळ आणि टोपाथची बाजू ट्रस्टची असते, तर ऑफसाइडला शेतं, बागा, जुन्या गिरण्या आणि घरांची मागची अंगणं थेट पाण्याला येऊन भिडतात. ट्रस्टची हद्द ऑफसाइडला नेमकी कुठे संपते हे ठिकाणागणिक बदलतं. कुठे पाण्याच्या कडेला, कुठे कुंपणाशी. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे, ती इथे धरू नका.

टोपाथच्या बाजूला एखाद्या शेजाऱ्याने ‘बोट लावू नये’ अशी पाटी ठोकली असेल आणि काठ ट्रस्टचा असेल, तर त्या पाटीला कायद्याचं बळ नाही. तीच पाटी ऑफसाइडला, स्वतःच्या जमिनीवर असेल तर मात्र ती पाळावीच लागते.

चौदा दिवसांचा नियम काय देतो आणि काय देत नाही

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, ज्या बोटीला कायमचं मूरिंग नाही तिने खरोखर प्रवास करत राहायला हवं आणि एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. परिस्थितीनुसार वाजवी असेल तर जास्तही चालतं. इंजिन बंद पडलं, कालवा गोठला, पुढचं लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा टप्पा) दुरुस्तीसाठी बंद आहे, ही ‘वाजवी’ कारणं. तसं झालं की त्याच दिवशी ट्रस्टला कळवा. मुदत संपल्यावर सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटतं.

पण हा नियम बोटवाला आणि ट्रस्ट यांच्यातला आहे. तो तुम्हाला कुणाच्याही खासगी काठावर १४ दिवसच काय, एक रात्रही खुंट ठोकायचा हक्क देत नाही. ‘माझ्याकडे परवाना आहे’ हे उत्तर ऑफसाइडच्या मालकाला लागू पडत नाही. उलट, टोपाथच्या बाजूला बोट १४ दिवसांच्या आत असेल तर समोरच्या घरमालकाला धूर किंवा नजर खुपते म्हणून ती हलवून मागता येत नाही. धूर आणि आवाजाची तक्रार वेगळी असते. इतरांच्या जवळ मुक्काम असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये अशी परवान्यातच अट आहे. तिचा आधार घ्या.

नदी असेल तर गणित बदलतं

भरती-ओहोटी नसलेल्या नैसर्गिक नदीत तळ हा सहसा काठाच्या मालकाचा, प्रवाहाच्या मध्यापर्यंत, असं कायदा गृहीत धरतो. विरुद्ध पुरावा असेल तर ते गृहीतक मोडतं. भरतीच्या पट्ट्यात तळ क्राउनचा (राजसत्तेचा) धरला जातो. टेडिंग्टनच्या (थेम्समध्ये भरती पोचते ती हद्द) वरची थेम्स नदी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहे. तिथे १९३२च्या थेम्स कॉन्झर्व्हन्सी कायद्यानुसार जलप्रवासाच्या ओघात वाजवी वेळ नांगर टाकून किंवा थांबून राहायचा सार्वजनिक हक्क आहे. तो पाण्यावर थांबण्याचा. काठावर उतरण्याचा किंवा खुंट ठोकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. कालव्यांवर असा जुना सार्वजनिक हक्क जवळपास उरलेला नाही, कारण १९६८च्या ट्रान्सपोर्ट कायद्याने तो काढून घेतला. म्हणून थेम्सवरचं उत्तर कालव्यावर चालवू नका.

मालकी शोधण्याची रीत

१. एचएम लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या जागेचा टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (तिचा नकाशा) मागवा. डिसेंबर २०२४ पासून प्रत्येकी ७ पौंड पडतात. पत्ता नसलेला काठाचा पट्टा असेल तर ‘इंडेक्स मॅप’चा शोध मागवा. त्याचा अर्ज एसआयएम नावाने मिळतो.

२. नकाशावरची लाल रेघ म्हणजे नेमकी हद्द समजू नका. २००२च्या जमीन नोंदणी कायद्यानुसार ती ‘सर्वसाधारण हद्द’ असते. शहरी नकाशा १:१२५०, ग्रामीण बहुधा १:२५००. ग्रामीण नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, आणि नॅरोबोटची, म्हणजे कालव्यांवरच्या अरुंद लांब बोटीची, पूर्ण रुंदी साधारण २.१ मीटर. म्हणजे रेघेच्या जाडीतच अख्खी बोट बसू शकते. नुसता प्लॅन दाखवून ‘हे बघा, तुम्ही माझ्या हद्दीत’ म्हणणारा मालक तेवढ्याने जिंकत नाही.

३. म्हणून रजिस्टरमध्ये उल्लेख असलेल्या जुन्या खरेदीखतांच्या प्रती मागवा. काठाबद्दलचं वाक्य तिथे असतं: ‘कालव्याच्या पाण्यापर्यंत’, ‘कुंपणापर्यंत’, काठावर धक्का बांधण्याची मुभा. जिल्ह्याच्या अभिलेखागारात कालवा खोदतानाचे नकाशे असतात, तेही बघा. कालवा कंपनीने जमीन कुठपर्यंत विकत घेतली ते त्यावरून कळतं.

४. जमीन नोंदलेलीच नसेल तर ‘मालक नाही’ असा अर्थ काढू नका. फक्त पुरावा खतांमधून जमवावा लागेल.

५. ट्रस्टला लेखी विचारा: या ठिकाणी ऑफसाइडची तुमची हद्द कुठे आहे? उत्तर यायला वेळ लागतो, पण पुढे कोर्टात गेलात तर हाच कागद सर्वांत जास्त बोलतो.

बोटवाल्यासाठी

कुणी येऊन ‘निघा’ म्हटलं तर वाद घालू नका. शांतपणे टायटल क्रमांक मागा आणि दोन दिवसांची मुदत मागा. खरा मालक बहुधा देतो. दरम्यान, दोर, खुंट आणि काठ यांचे तारीखवार फोटो काढा. एक फोटो लांबून, ज्यात पूल क्रमांक किंवा लॉक दिसेल. एक जवळून, ज्यात खुंट आणि माती दिसेल. मुक्कामाची वही ठेवा: तारीख, जागा, पुढची जागा. ही वही ट्रस्टशी वाद झाला तरी कामी येते.

काठ खासगी निघाला तर हला. तिथे थांबणं म्हणजे अतिक्रमण, आणि नुकसान न होताही अतिक्रमणाचा दावा चालतो. बोटीची फळी काठावर टेकलेली असणं, झाडाला दोर बांधणं, शिडी ठेवणं, हे सगळं त्यातच येतं. बोट खरोखर हलवता येत नसेल तर कारण, दुरुस्तीची तारीख आणि निघण्याची तारीख मालकाला लेखी द्या. तारीख दिली की निम्मा राग ओसरतो.

खरं नुकसान मात्र टाळा, कारण नुकसानभरपाईचा आकडा तिथूनच वाढतो. मऊ मातीत सरळ ठोकलेला खुंट शेजारून बोट गेली की हलतो, भोक रुंद होतं आणि काठ ढासळतो. खुंट बोटीच्या विरुद्ध बाजूला कललेला ठोका, पुढचा आणि मागचा दोर बोटीच्या टोकांपासून साधारण ४५ अंशांत बाहेर जाऊ द्या, आणि पुढे-मागे सरकणं रोखायला आडवे स्प्रिंग दोर लावा. नुसत्या मधल्या दोरावर बोट ठेवली तर शेजारून जाणाऱ्या बोटीबरोबर ती कलते आणि खुंट उपटते. काठाला लोखंडी पत्र्याचं पायलिंग (माती धरून ठेवणारी भिंत) असेल तर खुंटाऐवजी हुक किंवा साखळी वापरा. मातीला धक्काच लागत नाही.

जमीनमालकासाठी

दोर कापू नका, सोडू नका, बोट ढकलू नका. सुटलेली बोट वाहत जाऊन दुसऱ्याचं नुकसान करू शकते, आतल्या माणसाला इजा होऊ शकते आणि दोर कापला तर १९७१च्या क्रिमिनल डॅमेज कायद्याखाली तुम्हीच आरोपी ठरू शकता. बोट सोडून दिलेली दिसली तरी ती तुमची होत नाही. न नेलेल्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याची रीत १९७७च्या वस्तूंवरील हस्तक्षेप कायद्यात आहे. तिच्यासाठी नोटीस, वाजवी मुदत आणि पैशांचा हिशोब लागतो.

क्रम असा ठेवा. आधी स्वतःचे खरेदीखत वाचून हद्द खात्रीची करा. मग बोटीच्या दोन्ही बाजूंना असलेला परवाना क्रमांक टिपा. मग बोटीवर साधं पत्र: जमीन माझी आहे, टायटल क्रमांक अमुक, अमुक तारखेपर्यंत हलवा. बोटीच्या मालकाचं नाव-पत्ता ट्रस्ट मागितल्यावर देत नाही, म्हणून पत्र बोटीवर लावा आणि त्याचा फोटो ठेवा. बोट मुदत उलटून थांबली असेल, बुडालेली किंवा बेवारस असेल तर ट्रस्टच्या परवाना विभागाला कळवा. त्यांना १९८३च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ खाली २८ दिवसांची नोटीस देऊन बोट हटवता येते. कुणी त्यात राहत असेल तर ट्रस्ट सहसा आधी कोर्टात जातो. ही ताकद ट्रस्टची आहे, तुमची नाही.

उपयोग झाला नाही तर दाव्यापूर्वीचं औपचारिक पत्र पाठवा. साध्या प्रकरणात उत्तराला १४ दिवस देणं वाजवी समजलं जातं. नुसत्या पैशाचा, १०,००० पौंडांपर्यंतचा दावा असेल तर मे २०२४ पासून लहान दाव्यांत मोफत मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे. पण बोट हलवण्याचा आदेश हवा असेल तर तो मार्ग नाही. तो कौंटी कोर्टातला मनाईहुकूम किंवा ताब्याचा दावा आहे आणि कोणता, हे तळ कुणाचा यावर ठरतं. तेवढ्यासाठी वकिलाचा एक तास घ्या.

कायमचं मूरिंग करायचं असेल तर

वाद मिटवायची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे करार, आणि त्याला तीन परवानग्या लागतात. पहिली काठाच्या मालकाची. दुसरी ट्रस्टची: काठ तुमचा असला तरी ट्रस्टच्या पाण्यावर बोट कायम ठेवायला ट्रस्टची परवानगी आणि वार्षिक शुल्क लागतं. वळण, पूल, लॉक किंवा बोट वळवण्याची रुंद जागा जवळ असेल तर परवानगी मिळण्याची आशा कमी. तिसरी परवानगी स्थानिक कौन्सिलची, विशेषतः बोटीत राहायचं असेल तर. इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ पासून नियोजनभंगावर कारवाईची मुदत सर्वसाधारणपणे १० वर्षे आहे, तेव्हा ‘चार वर्षं काढली की झालं’ हा जुना सल्ला मानू नका.

करारात हे लिहून घ्या: बोटीची लांबी, रुंदी आणि नाव, नेमकी जागा (दोन कायम खुणांपासून मीटरमध्ये), शुल्क आणि वाढीची रीत, राहायची परवानगी आहे की नाही, खुंट आणि काठ कुणी दुरुस्त करायचे, वीज-पाणी, तृतीय पक्षाचा विमा, बोट विकली तर जागा सोबत जाते का, आणि नोटिशीची मुदत. शेवटचा मुद्दा बोटवाल्याने सर्वांत आधी वाचावा. २०००च्या चेल्सी यॉट अँड बोट कंपनीच्या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने ठरवलं की दोर सोडून नेता येणारी हाउसबोट जमिनीचा भाग होत नाही, त्यामुळे भाडेकरूचं संरक्षण तिला मिळत नाही. मोबाइल होम्सचा (हलवता येणाऱ्या घरांचा) १९८३चा कायदाही बोटींना लागू नाही. म्हणजे करारात चार आठवडे लिहिले असतील तर तेवढेच मिळतील असं धरा, आणि घर म्हणून राहणार असाल तर जास्त मागा.

दोन आधार जपून वापरा

२०१३ साली कोर्ट ऑफ अपीलने ब्रेंटफर्डजवळच्या ग्रँड युनियन कालव्याच्या भरतीच्या भागातल्या खटल्यात म्हटलं की तिथे नुसतं काठाला बोट लावून ठेवणं आपोआप बेकायदा ठरत नाही. हा निकाल अनेकदा सगळीकडे लागू असल्यासारखा सांगितला जातो. पण लढत कालवा-संस्था आणि बोटवाल्यात होती. काठाच्या मालकाच्या मर्जीविरुद्ध बांधलेल्या बोटीचा प्रश्न तिथे नव्हताच.

दुसरा आधार ताब्याने मालकी मिळण्याचा. नोंदलेल्या जमिनीवर १० वर्षांनी अर्ज करता येतो, पण मालकाला कळवलं जातं आणि तो हरकत घेतो. त्यानंतर अर्ज टिकणं अवघड. शिवाय, बोट बांधून ठेवणं म्हणजे तळाचा ताबा घेणं, हे सिद्ध करणं कठीण असतं; लंडनच्या बंदर प्राधिकरणाविरुद्धच्या २०१७च्या प्रकरणात हाउसबोटीचा असाच दावा फसला. मालकाने एकदा जरी परवानगी दिली असेल तर तो काळ मोजायचाच नाही.

ट्रस्टनेच चुकीची हद्द सांगितली किंवा तक्रारीकडे दुर्लक्ष केलं असं वाटत असेल तर त्यांच्या तक्रारपद्धतीच्या दोन पायऱ्या लेखी पूर्ण करा. त्यानंतरच वॉटरवेज ऑम्बुड्समन (ट्रस्टविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) प्रकरण हाती घेतो, त्याआधी नाही. म्हणून प्रत्येक पायरीचं उत्तर जपून ठेवा.