पोरांना "हात लावू नको" सांगून काही होत नाही, मग करायचं काय?

एप्रिल लागला की आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि घरोघरी माळ्यावरचे कुलर खाली येतात. मागच्या वर्षी माझी पोरगी, वय साडेचार, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून चालू कुलरच्या जाळीत बोट घालत होती. मी जोरात ओरडले, ती दचकली, रडली, आणि दोन दिवसांनी परत तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला की "नको" म्हटल्यावर पोरांना काय करायचं नाही ते कळतं, पण काय करायचं ते कोणी सांगतच नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली सात-आठ पोरं दुपारी घरात गोळा केली आणि खेळता खेळता शिकवलं. जे जमलं ते लिहितेय.

सुरुवात कुलरपासून करा, कारण तो रोज डोळ्यासमोर असतो. आधी मोठ्यांचं काम: वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. बऱ्याच घरांत पिन तीन असतात पण अर्थिंगची वायर कुठे जोडलेलीच नसते, आणि पत्र्याच्या बॉडीत करंट उतरला तर तोच जीव घेतो. जमत असेल तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची, मग पाइप लावायचा. (आमच्या सासूबाई म्हणतात "काही व्हत नही", चाळीस वर्षं तसंच भरतोय. त्यांच्याशी वाद घालत बसले नाही, पिन मीच काढते.) मग पोरांसाठी कुलरभोवती हातभर अंतरावर फरशीला लाल टेप चिकटवा, टेपच्या आत कुलर झोपलाय, त्याला उठवायचं नाही, एवढं लहानग्यांना पुरतं.

आता खरा खेळ. पोरांना साखळी माहीतच असते, धरलं की हात धरून पळायचं. आपण उलटी साखळी खेळायची. एक जण कुलरला "चिकटतो", बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तो पण आउट. मागे सरकायचं, जोरात "करंट! करंट!" ओरडायचं आणि पळत जाऊन मोठ्या माणसाला आणायचं. पहिल्या दिवशी सगळेच धावून जाऊन चिकटलेल्याला ओढतात, म्हणजे सगळे आउट. चार-पाच दिवसांनी बरोबर करायला लागतात. मोठ्यांनीही लक्षात ठेवा, आधी मेन स्विच, मग माणूस.

पाण्याचं थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतं कुठे, त्यामुळे ड्रम, टिपं, बादल्या, हौद सगळं काठोकाठ भरलेलं. रांगणाऱ्या पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही, आवाज पण होत नाही. म्हणून ड्रमला झाकण, झाकणावर पोराला उचलणार नाही असं वजन, आणि न्हाणीघराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. शेतावर विहिरीपेक्षा मला शेततळ्याची जास्त भीती वाटते. उतार साधा दिसतो, पण प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. ज्यांचं शेततळं आहे त्यांनी कुंपण कराच, आणि गाठी मारलेला दोर काठाला पक्का बांधून आत सोडून ठेवा. पोरांना शिकवायचं "फेक, उडी नको": कोणी पडलं तर दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाती लागेल ते फेकायचं आणि ओरडायचं. अंगणात गोणपाट टाकून त्याला तळं म्हणा आणि खेळा.

कपाशीच्या फवारणीचं औषध कधीच कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कधीच म्हणजे कधीच. पोराला बाटली ओळखू येते, आतलं नाही. डब्यावरचा त्रिकोण पोरांना दाखवा, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, पण हिरव्यालाही हात लावायचा नाही हे लगेच सांगा, नाहीतर सिग्नलसारखं हिरवं म्हणजे चालतं असं समजतील (आमच्या एका पठ्ठ्याने हेच विचारलं होतं). चुकून प्यायलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही, डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना.

भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं साधं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

खळ्यात किंवा ओट्यावर जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. सकाळी पोराचं पोट दुखतंय, पापण्या मिटताहेत, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. साप चावल्याची शंका जरी आली तरी कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे तर नाहीच. चावलेला हातपाय न हलवता सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथेच विचारा.

आता अवघड विषय. अंगाला हात लावण्याबद्दल. लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, पोरं कोणाच्याही मांडीवर, कोणाच्याही शेजारी झोपतात. मी पोरीला एवढंच शिकवलंय: चड्डीच्या आतला भाग तिचा, तिथे कोणी हात लावला किंवा "आईला सांगू नको" म्हणालं, मग तो काका असो, दादा असो की सर, तर ओरडायचं, पळायचं आणि मला सांगायचं. पापा द्यायचा नसेल तर देऊ नको, मामाला राग आला तर येऊ दे. आणि सांगितल्यावर मार बसणार नाही हे पोराला पक्कं माहीत पाहिजे. ग्लास फुटल्यावर जे पोर धपाटा खातं ते ही गोष्ट कशाला सांगेल? म्हणून आमच्याकडे नियम आहे, स्वतःहून सांगितलं तर मार माफ. पाळायला मलाच जड जातं, पण पाळते. असं काही खरंच घडलं तर घराण्याची इज्जत वगैरे बाजूला ठेवून पोलिसांना सांगा, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि तो मुलग्यांसाठीही आहे, फक्त मुलींसाठी नाही.

शेवटी फोन. आईचा नंबर पाढ्याच्या चालीवर पाठ करून घ्या, चार-पाच वर्षांचं पोर आठवड्यात म्हणायला लागतं. भिंतीवर त्याच्या उंचीला मोठ्या अक्षरात लिहा: ११२ कोणत्याही संकटाला, १०८ ॲम्ब्युलन्स, १०९८ पोरांसाठी. लॉक असलेल्या फोनवरून पण ११२ लागतो, ते दाखवा. फक्त सराव आजीच्या जुन्या बटणाच्या फोनवर करा आणि त्यातली बॅटरी आधी काढून घ्या, आमच्याकडे काढली नव्हती आणि कॉल खरंच लागला, मग पलीकडच्या ताईंना सॉरी म्हणत पाच मिनिटं समजवावं लागलं.