हीटर आणण्याआधी घरातला सॉकेट बघा: थंडीतल्या या चुका टाळा

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की नाशिकच्या दुकानांत रूम हीटरची चौकशी सुरू होते. कंपनी कोणती, किंमत किती, बिल किती येईल. घरातल्या सॉकेटचा विषय कुणी काढत नाही. मीही काढला नव्हता. पहिल्या वर्षी 2000 वॉटचा ब्लोअर, म्हणजे पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर आणला. त्याची जाड पिन बेडरूमच्या बोर्डात बसेना, म्हणून कन्व्हर्जन प्लग घेतला आणि तो टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला. तिसऱ्या रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला. हीटर ठणठणीत होता. एक्स्टेंशनची भोकं काळी पडली होती आणि पिन आतल्या आत चिकटून बसली होती.

हिशेब शाळेतलाच आहे. 2000 ला 230 व्होल्टने भागलं की साधारण 8.7 अँपिअर येतात. मोबाइल, टीव्ही लावतो तो लहान सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॉटचा. जाड पिन मुद्दामच जाड केलेली असते, लहान सॉकेटात जाऊ नये म्हणून. कन्व्हर्जन प्लगने आपण नेमकी तीच अडवणूक मोडून काढतो. एसीसाठी 16 अँपिअरचा पॉइंट काढलेला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर वायरमनकडून थेट मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, नाहीतर 800 ते 1000 वॉटच्या हीटरवर समाधान माना. दहा बाय बाराची, दारं-खिडक्या नीट लागणारी खोली तेवढ्यावर बरीच उबदार होते.

हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. किंचित कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बटण बंद करा. सॉकेटची पकड सैल झाली आहे आणि तो बदलायलाच हवा. वायर सतरंजीखालून नेऊ नका, गुंडाळीही करून ठेवू नका. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही.

याहून वाईट चूक पुढची. हीटर लावला की एमसीबी, म्हणजे लाइनवर भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडतो, म्हणून काही जण 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवून घेतात. एमसीबी हीटरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर तीच जुनी, बारीक. आता ती तापली तरी कुणी अडवणारं उरलं नाही. एमसीबी पडत असेल तर त्या लाइनवर आणखी काय चालू आहे ते बघा. बहुतेक वेळा गीझर किंवा इस्त्री सापडते.

आता कोणता घ्यायचा. दोन दांड्यांचा हॅलोजन समोरच्या माणसाला ऊब देतो, हवेला फारशी नाही. दार सतत उघडं राहणाऱ्या हॉलमध्ये किंवा फटी असलेल्या पत्र्याच्या खोलीत म्हणून तोच परवडतो. ब्लोअर बंद खोलीत दहा-पंधरा मिनिटांत फरक दाखवतो, पण आवाज करतो. तेलाचा हीटर तापायला वीस मिनिटं, कधी अर्धा तास घेतो आणि मग शांतपणे ऊब धरून ठेवतो. लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर माझं मत त्यालाच, कारण त्यात उघडी लाल दांडी नाही. त्यातलं तेल बदलावं लागत नाही, जळतही नाही. आयएसआयची खूण आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा; तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. हीटर कलंडला की आपोआप बंद होतो का, हे दुकानातच आडवा करून दाखवायला सांगा. बिलाचं म्हणाल तर 2000 वॉट अखंड तासभर म्हणजे 2 युनिट. रोज चार तास धरले तर महिन्याला 240. तेवढ्याने 300 युनिटांचा टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दरही चढा लागतो.

विजेचा हीटर ऑक्सिजन खातो, हे आमच्या आत्याबाईंचं ठाम मत. तो काहीच जाळत नाही, मग ऑक्सिजन खाणार कसा? हवा तापली की कोरडी भासते, घसा सुकतो. पाण्याचं भांडं ठेवायचं तर खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, हीटरवर नाही. गंमत अशी की याच आत्याबाई बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, वारं लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतात. ऑक्सिजन खाते ती शेगडी. शिवाय कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं थंडीचीच सुस्ती आहे. शेक-शेगडी हवीच असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढा. असं कुणाला होताना दिसलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, मग दवाखान्यात.

पडदा, गोधडी, मच्छरदाणी हीटरपासून किमान एक मीटर लांब हवी. मच्छरदाणी विशेष, कारण रात्री वाऱ्याने ती सरकते आणि नायलॉनची असली तर भसकन पेटते. पावसाळ्यात तेलाच्या हीटरवर गणवेश वाळत घालणारी घरंही मी पाहिली आहेत. झाकलेला हीटर आतल्या आत तापत जातो. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर पाय शेकायला हीटर जवळ ओढू देऊ नका. पावलांची जाणीव कमी झालेली असली तर भाजल्याचं कळतच नाही. बाथरूममध्ये हीटर न्यायचाच नाही.

काही गोष्टींना उगाच घाबरतात. मोसमात पहिल्यांदा लावल्यावर येणारा वास साचलेल्या धुळीचा असतो. पाच-दहा मिनिटांत गेला नाही तरच काळजी. तेलाचा हीटर तापताना टकटक वाजतो, तो पत्रा प्रसरण पावल्याचा आवाज. ब्लोअर दहा मिनिटांत स्वतःहून बंद पडत असेल तर मागची जाळी धुळीने बुजलेली असते. प्लग काढून ब्रशने साफ करा.

आणि वर्षभर माळ्यावर पडलेला हीटर लावताच घराचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला, तर पावसाळ्यातला ओलावा आत मुरल्याची शक्यता मोठी. तो दुरुस्तीवाल्याकडे तपासायला द्या. आरसीसीबी बायपास करून चालू करून देतो म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.