मालवणला जेलीफिश ओळखायला निघण्याआधी

काळं कापड. पिशवीत आधी ते टाका, मग पुढचं वाचा. सुती, चकाकी नसलेलं, बादलीच्या तळाला पुरेल एवढं. जेलीफिश बहुधा पारदर्शक असते. पांढऱ्या बादलीत फोटो काढला की नुसतं पाणी दिसतं. तसे ढीगभर फोटो माझ्याकडे पडून आहेत, एकाचाही उपयोग नाही.

टोपी, पाणी वगैरे सांगत बसत नाही. परवानगीचं मात्र बघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याच्या हद्दीतला नमुना वनखात्याला विचारल्याशिवाय उचलायचा नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कधी ओढणार ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. मासे वेचले की जेलीफिश वाळूत फेकतात, आणि उन्हात तिचा बघता बघता लगदा होतो. म्हणून समुद्राच्या पाण्याने भरलेली बादली घेऊन आधीच उभे राहा. रापणकरांच्या मधे लुडबुडू नका, जाळ्याच्या दोराला चार हात लावा आणि मग जेलीफिश मागा. उचलायला रुंद तोंडाचा मग घ्या. जाळीने उचललंत तर तिच्या छत्रीसारख्या अंगाच्या कडेचे डसणारे दोरे जाळीतच राहतात आणि ओळख तिथेच बोंबलते.

नायट्रिलचे हातमोजे, लांब बाह्या. मेलेलीही डसते, वाळूत पडलेला सुटा दोराही डसतो. डसलीच तर समुद्राच्या पाण्याने धुवा, दोरे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा. धुवायला गोडं पाणी नको, वाळूने चोळणं तर अजिबात नको. श्वास लागला तर थेट दवाखाना.

आता ओळख. आधी ठरवा, ही खरंच जेलीफिश आहे का? अंगावर आठ पट्ट्यांतून इंद्रधनुषी चमक सरकत असेल तर ती कोंबजेली, तिला दंशपेशीच नसतात. निळी बटणं आणि निळ्या फुग्याची फायसेलिया या हायड्रोझोआंच्या, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या वेगळ्या गटाच्या, वसाहती. पावसाळ्यात किनारा त्यांनी भरला की लोक सरसकट जेलीफिश म्हणतात, तुम्ही म्हणू नका. छत्री चौकोनी आणि दोरे फक्त चार कोपऱ्यांतून निघालेले दिसले, तर ती बॉक्स जेलीफिश: हात लांब ठेवा. छत्री गोल असेल तर कडेला बोट न लावता नीट बघा. कडेला दोरे नाहीत आणि खाली आठ जाडजूड तोंडाचे हात आहेत, म्हणजे ऱ्हायझोस्टोमी गण. कडेलाच दोरे आणि मधे चार लांब झालरी असतील तर क्रायसोराचा विचार करा. दोरे कडेऐवजी छत्रीच्या खालच्या अंगाला, आठ झुबक्यांत असतील तर सायानिया. वरून घोड्याच्या नालासारखे चार आकार दिसले की ऑरेलिया, एवढी सोपी एकच.

हे सगळं दिसायला खालून फोटो हवा, म्हणजे पारदर्शक डबा हवा, आणि डब्याच्या मागे, हो, काळं कापड. वरून, बाजूने, खालून, शेजारी पट्टी. छत्रीचा व्यास तिथेच मोजा, कारण फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रावणात, अंग आकसतं आणि रंगही उडतो. नंतर डब्यातला नमुना बघून ठरवू म्हणाल तर विसरा. जिवंतपणीचा फोटो हाच पुरावा, आणि कापड विसरलात तर पुरावा नाही. मोबाइलची पिशवी भरताना पुन्हा एकदा चाचपा.

डीएनएसाठी तुकडा आधी काढायचा, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. मगच उरलेली फॉर्मलिनमध्ये: बाटलीतलं एक भाग, समुद्राचं पाणी नऊ भाग. उलट क्रमाने केलंत तर डीएनए गेला. चिठ्ठी पेन्सिलने, बाटलीच्या आत. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, जागा, भरती की ओहोटी.

नावं वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीजवर तपासा, जुन्या पुस्तकांतली बरीच बदललीत. प्रजाती पटली नाही तर वंशापाशी थांबा आणि तसंच लिहा.