ब्रेक ऑइल कमी झालंय? थांबा, लगेच टाकू नका

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, ईको किंवा तसल्याच कुठल्याही लहान मालवाहू गाडीचं ब्रेक ऑइल कमी दिसलं की पहिला उपाय ठरलेला असतो: बाटली आणा, डबी भरा, निघा. ब्रेक तपासायचे असतील तर नेमकं हेच करू नका. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. त्याची पातळी खाली जायची कारणं दोनच. एक तर पॅड-लायनर झिजले, पिस्टन बाहेर सरकले आणि मागच्या रिकाम्या जागेत तेल गेलं. नाहीतर कुठेतरी गळती आहे. डबी भरली की हा पुरावाच पुसला जातो.

म्हणून आधी डबीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, उभ्या जागीच तपासणी सुरू करायची. झाकण उघडायच्या आधी भोवतीची धूळ पुसा. तेल काळपट किंवा गढूळ असेल तर ते बदलायचं आहे. झाकणाचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर मात्र सावध व्हा. कोणीतरी ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी तेल बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने तेल चाकांकडे ढकलतो तो) चाकापर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं.

आता पेडल बोलू द्या

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद. पेडल कडक होईपर्यंत दाबा-सोडा करा. मग पाय दाबलेला ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली उतरलं तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतोय. जागचं हललंच नाही, तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातला हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बूस्टर आणि डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपही तपासा. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो.

बूस्टर ठीक असेल तर पेडलवर सारखा दाब ठेवून मिनिटभर थांबा. पेडल हळूहळू पायाखालच्या फळीकडे जात असेल आणि डबीतली पातळी जागच्या जागी असेल, बाहेरही कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं आतलं वॉशर तेल मागे सोडतंय. पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, पण दोन-तीनदा मारलं की वर येतं? मग मागच्या ड्रममधली फट वाढलीय, बहुतेक वेळा ती फट जुळवणारा अ‍ॅडजस्टर जाम असतो. लुसलुशीत, रबर दाबल्यासारखं पेडल म्हणजे लाइनमध्ये हवा, नाहीतर दाबाने फुगणारा होज (तेलाची रबरी नळी). पेडल कडक आहे, बूस्टरही चांगला आहे, तरी गाडी थांबत नाही, तर दोष चाकात शोधा: चकाकी आलेले लायनर किंवा अडकलेले पिस्टन. चालत्या गाडीत पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क किंवा ड्रम वाकडा झालाय.

घाटातली एक तक्रार गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही. माल भरून आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना पेडल अचानक फळीला टेकतं, गाडी अर्धा तास उभी केली की पुन्हा ठीक होतं. मेकॅनिक तपासतो आणि म्हणतो, काही नाही. हे बहुधा तेल उकळल्याचं लक्षण असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-३, डॉट-४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. कोरड्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट-४चा २३०. तेलात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत येऊ शकतात. पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं. कोकणच्या दमट हवेत तर टाळाटाळ करूच नये. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणारे आणखी एक संकट ओढवून घेतात: इंजिन बंद असताना बूस्टरमधला व्हॅक्यूमचा साठा जेमतेम दोन-तीन दाबांचा असतो.

गाडीखाली

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम स्टँड हवेतच. मास्टर सिलिंडरपासून सुरुवात करा. तो बूस्टरला जिथे टेकतो तिथे ओल असेल तर मागचं सील गेलंय. मग लोखंडी पाइप पाहा: क्लिपखाली चिखल साठतो आणि गंज तिथूनच खातो. पाइप बोटांनी खरवडून बघा, पापुद्रे निघाले तर बदला. रबरी होज वाकवून चिरा शोधा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला घासत नाही ना, तेही बघा.

मालवाहू गाडीत बरेचदा मागच्या एक्सलपाशी दांडीला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला, गाडी बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ही दांडी गंजून जाम झालेली सर्रास सापडते. त्याहून वाईट म्हणजे जादा माल भरता यावा म्हणून कमानपाट्यात वाढवलेलं पान. गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट लागतात. लायनर बदलून हा दोष जाणार नाही.

चाक खोलल्यावर

ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. डिझेल-पेट्रोलने धुवायची सवय तर सोडाच, त्याने रबर फुगतं.

मागचा ड्रम ओला असेल तर तेल कोणतं ते ओळखा. व्हील सिलिंडरचं (ड्रममध्ये लायनर ढकलतो तो) तेल पातळ असतं. एक्सलचं सील गळत असेल तर तेल जाड आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असतं. व्हील सिलिंडरच्या धूळ-टोपीची कड हलकेच उचला. आत नुसती ओल असेल तर चालेल, थेंब ओघळला तर सिलिंडर बदलायचा. तेलाने भिजलेले लायनर जाळून किंवा घासून वापरायचा प्रकार नको. आणि ते एकाच चाकाचे नाही, एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढेल. ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी बहुतेक कोरलेली असते. त्यापलीकडे लेथवर कट मारून उपयोग नाही.

एक चाक गरम होऊन अडकत असेल तर चाक उचलून त्याचं निपल (हवा-तेल बाहेर काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेल उसळलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. बऱ्याचदा बाहेरून धड दिसणारा होज आतून सुजलेला असतो. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना जाम आहेत.

हवा काढणे

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. परदेशी व्हिडिओत आधी मागचं उजवं चाक घेतात, पण आपल्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो. म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. एबीएसची (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिट उघडली असेल तर हवा काढायला स्कॅनर लागू शकतो, तिथे जाणकाराकडे जा.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेला पेडल दाबून धरतो आणि ‘धरलं’ म्हणतो. गाडीखाली असलेला माणूस निपल उघडतो, तेल येतं, तो निपल बंद करतो आणि मगच ‘सोड’ म्हणतो. हा क्रम चुकला की हवा परत आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो, पेडल पूर्ण खाली गेलं तर चांगलं वॉशरही तिथे फाटतं. अधूनमधून डबी भरत राहा आणि शेवटी पातळीची नवी रेघ मारा. काढलेलं तेल पुन्हा ओतू नका आणि महिनोन्महिने उघडी पडलेली बाटलीही वापरू नका. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा.

निघण्याआधी उभ्या गाडीतच पेडल मारून कडक करून घ्या. नवे पॅड बसवल्यावर पहिला दाब रिकामा जातो. मग मोकळ्या मैदानात आधी चालण्याच्या वेगाने, नंतर ताशी २० ते ३० किलोमीटरने थांबवून बघा. थोडं अंतर चालवल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न टेकवता न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अजून धरतोय. दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, डबीवरची नवी रेघ परत बघा.